'मेव्हिस' : एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव



गोव्यातील किंवा बेळगावातील एखाद्या ख्रिस्ती शाळेचा जुना हजेरीपट उघडावा, म्हणजे मुलींच्या नावांत लिली, डेझी, रूबी, पर्ल अशी नावे हटकून आढळतात. त्यांचे अर्थ सर्वांस ठाऊक असतात. लिली आणि डेझी ही फुले, रूबी म्हणजे माणिक आणि पर्ल म्हणजे मोती. क्वचित ह्याच रांगेत 'मेव्हिस' असे एखादे नाव दृष्टीस पडते आणि वाचणारा क्षणभर थबकतो. ह्या नावाचा अर्थ काय, असे त्या मुलीस विचारले तर ती बहुधा गप्प राहते. घरी विचारले तर 'आजीचे नाव होते', नाही तर 'इंग्रजी नाव आहे, त्याला कसला अर्थ?' एवढेच उत्तर मिळते.

नावाला अर्थ नाही असे म्हटले की, ते धारण करणाऱ्या व्यक्तीस थोडा कमीपणा येतो. वर्गात सुनीता आपल्या नावाचा अर्थ सांगते, तेरेसा आपल्या संतेची गोष्ट सांगते आणि मेव्हिस मात्र खाली मान घालून बसते. वस्तुतः तिने मान खाली घालण्याचे कारण नाही. तिच्या नावात एक पक्षी आहे. नुसता पक्षी नव्हे, तर इंग्लंडच्या वनराईतील अत्यंत सुरेल गायकांपैकी एक पक्षी आहे. तो तिच्या नावात कसा येऊन बसला आणि तो आत आहे ह्याचा लोकांस विसर कसा पडला, ही कथा ऐकण्यासारखी आहे.

प्रथम अर्थ पाहू. 'मेव्हिस' हा इंग्रजी भाषेतील एक जुना शब्द आहे. आज इंग्रज माणूस ज्यास 'साँग थ्रश' म्हणतो, त्या पक्ष्याचे ते जुने नाव. मराठीत थ्रश जातीच्या पक्ष्यांना कस्तूर म्हणतात. तेव्हा 'मेव्हिस' म्हणजे 'गाणारा कस्तूर' असे म्हणण्यास हरकत नाही. युरोपात सर्वत्र आढळणारा हा पक्षी सुमारे 22 सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे आपल्या साळुंकीएवढा असतो. पाठ तपकिरी, छाती मळकट पांढरी आणि तीवर काळसर ठिपक्यांची दाट नक्षी. दिसायला साधाच, रंगाची ऐट त्याच्यापाशी नाही. त्याची सारी दौलत गळ्यात आहे.

त्याच्या गाण्याची एक खूण अशी की, ती एकदा कळली की विसरत नाही. तो एक लहानशी तान घेतो आणि तीच पुन्हा दोनदा, तीनदा, कधी चारदा घेतो. मग क्षणभर थांबतो आणि दुसरी तान उचलून तिचीही तशीच उजळणी करतो. चांगला शिक्षक मुलांकडून पाढे म्हणवून घेतो, तसा हा प्रकार. एकेका नराच्या गळ्यात शंभराहून अधिक निरनिराळ्या ताना असू शकतात, असे पक्षिनिरीक्षकांना आढळले आहे. कवी रॉबर्ट ब्राउनिंग ह्यांनी 1845 साली प्रसिद्ध झालेल्या, परदेशातून मायभूमीची आठवण काढणाऱ्या आपल्या कवितेत ह्या उजळणीचा उल्लेख करून पक्ष्यास शहाणा ठरविले आहे.

ह्या पक्ष्याच्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. शंखाच्या गोगलगाई हे त्याचे एक आवडते खाद्य. गोगलगाय चोचीत धरून तो एका ठराविक दगडावर आपटतो, शंख फोडतो आणि आतील मांस खातो. त्या दगडाभोवती शंखांचे तुकडे साचतात. इंग्लंडमधील लोक त्या दगडाला त्या पक्ष्याची 'ऐरण' म्हणतात. दुसरी गोष्ट त्याच्या घरट्याची. गवत आणि काटक्यांनी विणलेले घरटे मादी आतून चिखलाने आणि कुजक्या लाकडाच्या भुश्याने एखाद्या वाडग्यासारखे गुळगुळीत लिंपून काढते आणि त्यावर दुसरे कोणतेही अस्तर न घालता आकाशी रंगाची, काळे ठिपके असलेली अंडी घालते. घर सारवून मग संसार मांडणारी ही गृहिणी आपल्याकडील कोणाही आजीस आवडावी अशी आहे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. ह्या जातीत गातो तो मुख्यतः नर. मादी घरटे लिंपते, अंडी उबवते. गाणे तिच्या वाट्यास आलेले नाही. असे असता माणसांनी हे नाव मात्र मुलींनाच दिले! नावांच्या जगात असा न्याय पुष्कळदा आढळतो. आपल्याकडेही कुहूकुहू करणारा असतो तो नर कोकीळ, आणि 'कोकिळा' हे नाव मिळते मुलीला.

आता शब्दाचा उगम. इंग्लंडमध्ये ह्या पक्ष्याला 'थ्रश' आणि 'थ्रॉसल' अशी दोन देशी नावे आधीपासूनच होती. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्याच्याबरोबर फ्रेंच बोलणारे सरदार आले. राजदरबार, न्यायालय, स्वयंपाकघर आणि शिकारीचे रान ह्या सर्व ठिकाणी फ्रेंच शब्दांनी प्रवेश केला. जुन्या फ्रेंचमधील 'मोव्ही' हा पक्षिवाचक शब्द त्याच वाटेने इंग्रजीत आला आणि इंग्रजी जिभेवर त्याचा 'मेव्हिस' झाला. चौदाव्या शतकात 'रोमान द ला रोज' ह्या फ्रेंच काव्याचे जे इंग्रजी भाषांतर झाले, त्यातील उद्यानाच्या वर्णनात इतर पक्ष्यांबरोबर मेव्हिस आहे. 1595 साली एडमंड स्पेन्सर ह्यांनी स्वतःच्या विवाहानिमित्त लिहिलेल्या गीतात पक्ष्यांचे जे समूहगान बांधले, त्यातही मेव्हिसला स्थान दिले आहे. पुढे स्कॉटलंडचे लोककवी रॉबर्ट बर्न्स ह्यांच्या गीतांत तो पुन्हा भेटतो. फ्रान्समध्ये मात्र शब्दाने घर बदलले. तेथे आज 'ग्रीव्ह मोव्ही' म्हणतात ते त्याच कुळातील दुसऱ्या, बगलेखाली तांबूस रंग असलेल्या पक्ष्याला.

परंतु कवितेतील शब्द आणि बोलण्यातील शब्द ह्यांची आयुष्ये वेगळी असतात. इंग्लंडच्या दक्षिण भागात 'थ्रश' हा शब्द रोजच्या बोलण्यात टिकला आणि 'मेव्हिस' हळूहळू कवितेपुरता उरला. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या काही खेड्यापाड्यांत तो लोकांच्या तोंडी राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिती अशी होती की, लंडनच्या शहरी माणसास हा शब्द ऐकून माहीत असे, तो गोड वाटे, जुना वाटे, पण तो रोजच्या वापरातला नव्हता. एखाद्या शब्दाने व्यक्तिनाम होण्यास ही स्थिती फार अनुकूल असते. अगदी व्यवहारातला शब्द असेल तर मुलीला 'चिमणी' म्हणून हाक मारल्यासारखे होते. अगदी अनोळखी असेल तर तो कोणास रुचत नाही.

शब्द तयार होता. त्याला व्यक्ती करण्याचे काम एका कादंबरीने केले. मेरी मॅके नावाच्या स्त्रीने 'मेरी कोरेली' ह्या टोपणनावाने 1886 पासून कादंबऱ्या लिहिण्यास आरंभ केला. तिचा जन्म 1855 सालचा आणि मृत्यू 1924 सालचा. तिचे वडील चार्ल्स मॅके हे स्कॉटलंडचे कवी आणि गीतकार. त्यांनी 1888 साली दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीचा एक कोशही प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्या बोलीत 'मेव्हिस' हा शब्द जिवंत होता, ती बोली ह्या लेखिकेच्या घरातीलच होती. 1895 साली तिची 'द सॉरोज ऑफ सेटन', म्हणजे 'सैतानाची दुःखे', ही कादंबरी बाहेर पडली. तीत एक तरुण लेखिका आहे. तिचे नाव मेव्हिस क्लेअर.

कथानक थोडक्यात असे : जेफ्री टेम्पेस्ट नावाचा एक उपाशी लेखक लंडनमध्ये दिवस कंठीत असतो. अकस्मात त्याला अफाट वारसा मिळतो आणि त्याच वेळी लूसिओ नावाचा एक देखणा राजपुत्र त्याचा मित्र बनतो. हा राजपुत्र म्हणजे साक्षात सैतान होय. परंतु कोरेलीचा सैतान दुःखी आहे. माणसांना मोहात पाडणे हा त्याला मिळालेला शाप आहे. जो माणूस त्याला नाकारतो, तो त्याला स्वर्गाच्या दाराजवळ नेतो. दुर्दैवाने त्याला नाकारणारी माणसे फारशी भेटत नाहीत. जी भेटते ती मेव्हिस क्लेअर. ती स्वतःच्या लेखणीवर जगते, कोणाची खुशामत करीत नाही, टीकेला घाबरत नाही आणि पैशाला भुलत नाही. लेखिकेच्या नावाची आणि ह्या पात्राच्या नावाची आद्याक्षरे एकच असल्याने वाचकांनी मेव्हिसमध्ये कोरेलीलाच पाहिले, ह्यात नवल नाही.

ही कादंबरी किती वाचली गेली हे समजण्यासाठी त्या काळच्या पुस्तकव्यवहाराकडे पाहावे लागते. 1894 पर्यंत इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. एवढी रक्कम खर्च करून पुस्तक विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. वाचक वर्गणी भरून वाचनालयातून ती मागवीत. 1894 साली मोठ्या वाचनालयांनी ह्या महाग पद्धतीस नकार दिला आणि कादंबरी एका खंडात, सहा शिलिंगांत मिळू लागली. त्याच सुमारास, 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर शाळेत गेलेली पिढी वयात आली होती. दुकानांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना वाचता येत होते आणि पुस्तक हाती येण्याइतके स्वस्त झाले होते. 'द सॉरोज ऑफ सेटन' नेमकी ह्या उंबरठ्यावर आली. समीक्षकांवर रागावलेल्या कोरेलीने पुस्तकाच्या आरंभीच छापून टाकले की, ह्या पुस्तकाच्या प्रती अभिप्रायार्थ कोठेही पाठविलेल्या नाहीत. समीक्षकांनी नाके मुरडली आणि लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतले. 1926 साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्यांनी त्यावर मूकपटही काढला.

एखादे नाव पुस्तकातून पाळण्यापर्यंत जाण्यास वेळ लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने कादंबरी वाचली, तीतील मेव्हिस तिला आवडली, तरी तिला स्वतःचे नाव बदलता येत नाही. ते नाव मनात राहते आणि पुढे लग्न होऊन मुलगी झाली, म्हणजे तिच्या वाट्यास येते. म्हणूनच इंग्लंडमध्ये 'मेव्हिस' ह्या नावाचा खरा बहर 1895 साली आला नाही. तो 1920 ते 1940 ह्या दोन दशकांत आला. मॉन्ट्रिऑल येथे जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहून इंग्रजीत उत्कृष्ट कथा लिहिणाऱ्या मेव्हिस गॅलंट ह्यांचे जन्मवर्ष 1922. कुटुंबाच्या गायनमंडळात चर्चची भक्तिगीते गात मोठ्या झालेल्या अमेरिकेतील विख्यात गायिका मेव्हिस स्टेपल्स ह्यांचे जन्मवर्ष 1939. दोन्ही वर्षे त्याच बहराच्या काळातील आहेत. स्टेपल्स ह्यांच्या बाबतीत तर नाव आणि गळा ह्यांचा योग असा जुळला की, पक्ष्यानेही धन्यता मानावी.

कादंबरीबरोबर आणखी एक वारा ह्या नावाच्या पाठीशी होता. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळात इंग्रज आईबापांनी मुलींच्या नावांसाठी बाग आणि जवाहिऱ्याचे दुकान धुंडाळले. डेझी, व्हायोलेट, आयव्ही ही फुलझाडांची नावे आणि रूबी, पर्ल, बेरिल ही रत्नांची नावे त्याच काळात पसरली. सृष्टीतील एखादी सुंदर वस्तू उचलून मुलीस तिचे नाव द्यावे, ही रीत पडून गेली होती. फुले झाली, रत्ने झाली. पक्ष्यांची जागा रिकामी होती. घुबड, बदक, कावळा ही नावे कोण ठेवणार? 'मेव्हिस' हा शब्द कानाला हळुवार होता आणि त्यात गाणे होते. तो त्या रिकाम्या जागेवर अलगद येऊन बसला. कादंबरीकारांनी पाळण्यात घातलेली इतरही नावे आहेत. आर. डी. ब्लॅकमोर ह्यांनी 1869 सालच्या 'लॉर्ना डून' ह्या कादंबरीसाठी 'लॉर्ना' हे नाव घडविले. गोव्याच्या कोकणी गीतांच्या श्रोत्यांना हे नाव किती प्रिय आहे, हे सांगावयास नको! पुस्तकातले नाव समुद्र ओलांडून कोणाच्या गळ्यात रुळेल, हे लेखकाला कधीच ठाऊक नसते.

जी नावे एका पिढीत फार बहरतात, ती पुढच्या पिढीस जुनाट वाटतात. 'मेव्हिस' त्याला अपवाद ठरले नाही. 1950 नंतर ते झपाट्याने मागे पडले. 1920-30 सालच्या मेव्हिस आता मावश्या आणि आज्या झाल्या होत्या, आणि आपल्या लेकीला मावशीचे नाव देण्याची तरुण आईला हौस नव्हती. 'कॉरोनेशन स्ट्रीट' ह्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत 1971 ते 1997 पर्यंत मेव्हिस नावाची एक भित्री, घुटमळत बोलणारी स्त्री होती. ती प्रेक्षकांची आवडती असली तरी तिच्यामुळे नावावर प्रौढपणाचा शिक्का अधिकच पक्का झाला. ज्या नावाने एके काळी सैतानाला नकार देणारी तेजस्वी लेखिका डोळ्यांपुढे उभी राहत असे, त्याच नावाने आता दुकानाच्या गल्ल्यामागील गोंधळलेली बाई आठवू लागली. नाव तेच होते; त्याच्यामागचे चित्र बदलले होते.

मधल्या काळात एका विचित्र वाटेने हे नाव हिंदुस्थानातील कचेऱ्यांत आणि संगणकवर्गांत शिरले. 1987 साली अमेरिकेत टंकलेखन शिकविणारी एक संगणकीय शिकवणी निघाली. तिचे नाव 'मेव्हिस बीकन टीचेस टायपिंग'. वेष्टनावर एका प्रसन्न स्त्रीचे छायाचित्र होते आणि अनेकांचा असा समज झाला की, मेव्हिस बीकन ही कोणी नामांकित शिक्षिका असावी. अशी शिक्षिका कधीच नव्हती. छायाचित्र दुसऱ्याच स्त्रीचे होते आणि 'मेव्हिस' हे नाव गायिका मेव्हिस स्टेपल्स ह्यांच्यावरून घेतलेले होते. पक्ष्यापासून निघालेले नाव कादंबरीतील एका न जन्मलेल्या लेखिकेने लोकप्रिय केले आणि संगणकावरील एका न जन्मलेल्या शिक्षिकेने ते घरोघर नेले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. अलीकडे, 2012 च्या 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' ह्या चित्रपटात ड्रॅक्युलाच्या मुलीचे नाव मेव्हिस ठेवले गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील आईबापांनी हे पणजीच्या काळचे नाव पुन्हा हाती घेण्यास आरंभ केला. तरीही ते दुर्मीळच आहे.

आपल्या बाजूला हे नाव इंग्रजी शाळा आणि इंग्रजी पुस्तके ह्यांच्याबरोबर आले, हे त्याच्या रूपावरून उघड दिसते. पोर्तुगीज भाषेत ह्या कुळातील पक्ष्याला 'तोर्दू' म्हणतात. तेव्हा गोव्यातील मेव्हिस काही लिस्बनच्या वाटेने आलेली नाही. कोरेलीच्या कादंबऱ्या हिंदुस्थानातील वाचनालयांतही आवडीने वाचल्या जात. गोव्यातील जुनी नावे मरिया, आना, फ्रान्सिस्क, कायतान अशी, म्हणजे संतांची. त्या नावांच्या मागे सण असतो, प्रतिमा असते, नोव्हेना असते. मेव्हिसच्या मागे ह्यांपैकी काहीच नव्हते. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना हे नाव उपरे वाटावे, हे साहजिक होते.

चर्चच्या नियमांतही ह्या अडचणीची दखल होती. 1917 च्या धर्मसंहितेतील 761 व्या कलमान्वये बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला ख्रिस्ती नाव दिले जाईल, ह्याची काळजी पाद्रीने घ्यावयाची असे. आईबाप आपल्याच पसंतीच्या नावावर अडून बसले तर पाद्रीने त्यास एका संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे बाप्तिस्म्याच्या वहीत लिहावीत, असा तो नियम होता. म्हणून जुन्या वह्यांत अशा बिगरसंत नावाच्या सोबतीला मेरी किंवा ॲन असे एखादे नाव आढळले तर आश्चर्य वाटू नये. घरात एक नाव आणि देवळात त्याच्या सोबतीला दुसरे! 1983 साली नवी धर्मसंहिता आली. तिच्या 855 व्या कलमाने एवढेच सांगितले की, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये. देवाने निर्माण केलेल्या एका गाणाऱ्या पाखराचे नाव ख्रिस्ती भावनेला परके आहे, असे कोण म्हणेल?

आणि पक्ष्याचे नाव माणसाला देणे ही रीत बायबलमध्ये तरी नवी कोठे आहे? मोशेच्या पत्नीचे नाव सिप्पोरा. त्याचा हिब्रू अर्थ 'पाखरू'. माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या संदेष्ट्याचे नाव योना. त्याचा अर्थ 'कबूतर'. 563 साली आयर्लंडहून निघून आयोना बेटावर मठ स्थापन करणाऱ्या संत कोलंबाचे नावही लॅटिन भाषेत कबुतराचेच आहे. तेव्हा मेव्हिसला संत नसला तरी सोबत आहे, आणि ती सोबत चांगली पुरातन आहे.

मराठी श्रोत्यांना ह्याहूनही जवळचे उदाहरण आहे. महाभारताच्या आदिपर्वात अशी कथा आहे की, मेनकेने नदीकाठी टाकून दिलेल्या मुलीभोवती पक्षी जमले आणि त्यांनी तिचे रक्षण केले. पक्ष्याला संस्कृतात 'शकुंत' म्हणतात. कण्व ऋषींनी ती मुलगी उचलली आणि शकुंतांनी राखली म्हणून तिचे नाव 'शकुंतला' ठेवले. पुढे कालिदासाने तिच्यावर नाटक लिहिले आणि 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. आज 'शकुंतला' म्हटले की हरवलेली अंगठी आठवते, दुष्यंत आठवतो, रंगभूमी आठवते. पण पाखरे आठवतात काय? शकुंतला नावाच्या किती आजींना आपल्या नावात पाखरांचा थवा आहे, हे ठाऊक असेल? एका मुलीचे नाव परके आणि दुसरीचे आपले. परंतु दोघींच्या बाबतीत घडले ते एकच. साहित्याने नाव मोठे केले आणि त्या मोठेपणाच्या सावलीत पक्षी दिसेनासा झाला.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नावाचा अर्थ कोशात सुरक्षित असतो, ही समजूत खरी नाही. कोशात शब्द राहतो. अर्थ राहतो तो सांगणाऱ्याच्या तोंडी. आईने मुलीला, आजीने नातीला, शिक्षकाने विद्यार्थ्याला तो सांगितला नाही, तर एकाच पिढीत नाव पोकळ होते. उलट, कोणी सांगणारे असेल तर सात समुद्रांपलीकडचे नावही घरचे होते. 'मेव्हिस' ह्या शब्दाचे नशीब पाहा. पक्ष्याचे नाव म्हणून तो इंग्रजांच्या तोंडून जवळजवळ गेला. मुलीचे नाव म्हणून तो राहिला. शब्दाला एका मुलीने सांभाळले, असेच म्हणावयाचे. निदान तिला तरी आपण काय सांभाळीत आहो, हे कळावयास नको काय?

हे सांगण्याची निकड आज अधिक आहे, कारण पक्षीही पूर्वीच्या संख्येने उरलेला नाही. 1970 च्या सुमारास ब्रिटनमध्ये जितके साँग थ्रश होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी पुढील पाव शतकात शिल्लक राहिले. शेते मोठी करण्यासाठी बांधावरची झुडपे तोडली गेली, ओलसर जमिनी निचरा करून कोरड्या झाल्या, गांडुळे व गोगलगाई मिळेनाशा झाल्या आणि पहिल्याच वर्षी पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. 1996 साली ह्या पक्ष्याची नोंद चिंताजनक स्थितीतील पक्ष्यांच्या लाल यादीत झाली. 2021 च्या पाहणीनंतर त्यास लाल यादीतून काढून पिवळसर, म्हणजे मध्यम चिंतेच्या यादीत ठेवण्यात आले. तो थोडा सावरला आहे. पण त्याचे पूर्वीचे वैभव परत आलेले नाही. ऐरणीभोवतीचे शंखांचे तुकडे अनेक बागांतून दिसेनासे झाले आहेत.

मेव्हिस नावाच्या गोव्यातील किंवा बेळगावातील मुलीने तो पक्षी कधी पाहिला नसेल. पण त्याच्या आठवणीसाठी तिला दूर जाण्याचे कारण नाही. चोर्ल्याच्या घाटात किंवा आंबोलीला पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे उभे राहावे. ओढ्याकाठच्या दाट झाडीतून कोणी मुलगा रमतगमत, सूर चुकवीत शीळ घालीत चालला आहे, असे वाटते. तो असतो शीळकरी कस्तूर, काळसर निळ्या रंगाचा, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळी झाक असलेला. इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोर' असे नावच देऊन टाकले. शास्त्रज्ञ आता त्याला थ्रशच्या कुळात धरीत नाहीत; माशीमार पक्ष्यांच्या कुळात घालतात. परंतु मराठी माणसाने त्याला कस्तूर म्हटले ते त्याच्या गाण्यासाठी, आणि त्या नात्याने तो मेव्हिसचा मावसभाऊ ठरतो.

तेव्हा पुढच्या वेळी हजेरी घेताना 'मेव्हिस' हे नाव आले, तर शिक्षकांनी क्षणभर थांबावे. तिला सांगावे की, बाळ, तुझे नाव एका पाखराचे आहे. ते साध्या रंगाचे आहे, आपले घर सारवून संसार करते, आणि त्याला एखादी गोष्ट चांगली वाटली तर ती दोनदा, तीनदा गाऊन दाखवते. वर्गातील इतर मुले हसणार नाहीत. ती बहुधा आपापल्या नावांचे अर्थ विचारण्यासाठी हात वर करतील. आणि त्या गलक्यात मेव्हिसची मान वर झालेली असेल.